जुन्या सागवानी दारांचा रंग उतरवताना: हीट गनच्या सुरक्षित वापराची सविस्तर पद्धत

नागपूरच्या महाल आणि इतवारी भागांतील वाड्यांमध्ये, तसेच धंतोली-धरमपेठेतील जुन्या बंगल्यांमध्ये आजही अशी दारे आहेत, की ज्यांच्यावर लग्नकार्याच्या आणि दिवाळीच्या निमित्ताने ऑईलपेंटचे थरावर थर चढत गेले आणि खालचे बल्लारशाचे सागवान घरातल्या तरुण पिढीने कधी पाहिलेच नाही. घराची दुरुस्ती निघाली, की हा रंग उतरवून लाकडाला पॉलिश करावे असे अनेकांना वाटते आणि त्यासाठी हीट गन हे साधन आता हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते. या साधनाने काम चांगले होते, यात शंका नाही. मात्र त्यातले खरे धोके डोळ्यांना दिसणारे नसतात. जुन्या रंगातले शिसे दिसत नाही आणि चौकटीमागच्या पोकळीत धुमसणारा निखाराही दिसत नाही. म्हणून या लेखात यंत्र हाताळण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्व या दोन न दिसणाऱ्या गोष्टींना दिले आहे.

हीट गन म्हणजे विजेवर तापणारी तार आणि तिच्यावरून हवा ढकलणारा पंखा. रचना केस वाळवण्याच्या यंत्रासारखीच असली, तरी दोघांच्या तापमानात फार मोठा फरक आहे. घरगुती कामाच्या हीट गन साधारणपणे १५०० ते २००० वॅटच्या असतात आणि त्यांच्या तोंडातून निघणारी हवा सर्वांत वरच्या टप्प्यावर ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. लाकूड २५० ते ३०० अंशांच्या आसपास तापले, की त्याचे विघटन होऊन पेट घेणारे वायू बाहेर पडू लागतात. ज्योत दिसत नाही म्हणून आग लागणार नाही, हा समज या दोन आकड्यांवरूनच खोटा ठरतो. तरीही रॉकेलच्या ब्लो लॅम्पपेक्षा हीट गन बरी, कारण तिचे तापमान हवे तितके खाली ठेवता येते. त्यामुळे विकत घेताना दोन ठरावीक टप्प्यांचे स्वस्त यंत्र घेण्यापेक्षा ज्याचे तापमान चाकाने किंवा बटणाने हळूहळू वाढवता येते, असे यंत्र घ्यावे. ज्यांना एकच दार करायचे आहे, त्यांनी ते भाड्याने मिळत असल्यास भाड्याने घ्यावे.

आधी हे ठरवावे: रंग उतरवायचा की नाही

सर्वच रंगांवर उष्णतेचा उपयोग होत नाही. ऑईलपेंट आणि जुने व्हार्निश उष्णतेने मऊ होऊन सुटतात. चुना, सिमेंट पेंट आणि डिस्टेंपर मऊ होत नाहीत, त्यामुळे भिंतींवर हीट गन चालवणे म्हणजे वीज आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय. दोन घटक मिसळून लावलेले पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चिवट असते आणि उष्णतेला सहजी दाद देत नाही. लोखंडी गजांवर आणि जाळ्यांवरही हे साधन फारसे चालत नाही, कारण लोखंड उष्णता पुढे वाहून नेते. रंग सुटण्याआधी अख्खी जाळी हात लावता येणार नाही इतकी तापते. सपाट सागवानी पल्ला, चौकट, जिन्याचा कठडा आणि जुने कपाट, हीच हीट गनची खरी कामे आहेत. लाकडावर जुने लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा चकचकीत लेप, असल्याची शंका असेल, तर मात्र तेथे हीट गन वापरू नये, कारण नायट्रोसेल्युलोज लॅकर अत्यंत ज्वालाग्राही असते.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. दारावरचा रंग घट्ट बसलेला असेल, कोठेही पोपडे सुटलेले नसतील आणि केवळ रंगाची छटा बदलायची असेल, तर तो उतरवू नये. ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासून त्यावरच प्रायमर आणि नवा रंग द्यावा. ज्या घरात लहान मूल किंवा गर्भवती स्त्री आहे, तेथे हा सल्ला केवळ सोयीचा नाही, तर आग्रहाचा आहे. त्याचे कारण शिसे.

जुन्या रंगातले शिसे

रंग लवकर वाळावा, टिकावा आणि पिवळ्या-केशरी छटा उठून दिसाव्यात म्हणून ऑईलपेंटमध्ये शिशाची संयुगे घालण्याची पद्धत जगभर होती. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. याचा व्यवहारातला अर्थ असा, की त्यापूर्वी रंगवलेल्या कोणत्याही दारात, खिडकीत किंवा पाळण्यात शिसे असू शकते आणि तपासणी होईपर्यंत ते आहे असेच धरून चालावे. पिवळा, केशरी, भडक हिरवा आणि लाल ऑईलपेंट यांच्या बाबतीत ही शंका अधिक बळकट धरावी. जुन्या लोखंडी जाळ्यांवर खालचा थर शेंदरी दिसला, तर तो शेंदराचा, म्हणजे शिशाच्याच ऑक्साईडचा प्रायमर असण्याची शक्यता मोठी असते. असा थर गरमही करू नये आणि कोरडा घासूही नये.

शिशाचे विष शरीरात साठत जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. गिळलेल्या शिशापैकी जितका अंश मोठ्यांच्या शरीरात शोषला जातो, त्याच्या चार ते पाच पट अंश मुलांच्या शरीरात शोषला जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. निर्धोक म्हणता येईल अशी कोणतीही पातळी नसल्याचेही या संघटनेचे म्हणणे आहे. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते, इतके घडले तरी पुरे.

शिशाच्या रंगावर उष्णता वापरण्याच्या बाबतीत तापमानाची एक सीमा लक्षात ठेवावी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमांनुसार जुन्या घरांत शिशाच्या रंगावर ११०० अंश फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानाची हीट गन वापरण्यास मनाई आहे, कारण त्याच्या वर शिशाची वाफ होऊन ती श्वासात जाण्याचा धोका फार वाढतो. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक यंत्रांचा सर्वांत वरचा टप्पा नेमका या सीमेला टेकतो किंवा ओलांडतो. त्यामुळे तो टप्पा रंग उतरवण्यासाठी वापरूच नये. त्या खालीही रंग जळून धूर निघाला, तर त्या धुरात इतर घातक पदार्थ असतातच आणि खरवडलेले तुकडे वाळून त्यांची पूड झाली, की त्या पुडीत शिसे असतेच. म्हणजे कमी तापमानाने वाफेचा धोका कमी होतो, धुळीचा होत नाही.

खात्री करून घ्यायची असेल, तर रंगाचा एक लहान तुकडा लाकडापर्यंतच्या सगळ्या थरांसह धारदार पात्याने काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. वरवरचा थर देऊन उपयोग नाही, कारण शिसे बहुधा तळच्या जुन्या थरांत असते. रंग बदलून शिसे दाखवणाऱ्या घरगुती चाचण्या मिळतात. त्यांत शिसे निघाले तर ते मानावे, पण निघाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

या ठिकाणी नागपूरपुरती एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडे रंगकाम आणि सुतारकाम करणारे अनेक कामगार कामाच्या मधेमधे खर्रा घोटतात आणि त्याच हातांनी तोंडात टाकतात. रंग खरवडलेल्या हातांनी खाल्लेला खर्रा म्हणजे तंबाखूच्या जोडीला शिसेही पोटात घालणे आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगणे, त्याला हातमोजे आणि योग्य मास्क देणे, आणि चहा-डब्याच्या वेळी साबणाने हात-तोंड धुण्यासाठी पाणी उपलब्ध करून देणे, ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्या माणसाचे कपडे त्याच्या घरी जातात आणि तेथेही मुले असतात. म्हणून कामासाठी वेगळा सदरा ठेवून तो येथेच बदलायला सांगावे.

हंगाम, जागा आणि वीज

हे काम एप्रिल-मे महिन्यांत काढू नये. पारा ४५ अंशांकडे गेलेला असताना मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उष्ण यंत्रासमोर उभे राहणे उष्माघाताला आमंत्रण देणारे आहे. शिवाय त्या दिवसांत घरे कूलरसाठी सज्ज केलेली असतात आणि वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या कोरड्या ताट्या ठिणगीची वाटच पाहत असल्यागत पेट घेतात. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते आणि उतरवलेल्या लाकडावर नवे पॉलिश नीट धरत नाही. दिवाळी आटोपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्या हवेत या कामासाठी उत्तम.

शक्य असेल तर पल्ला बिजागऱ्यांवरून उतरवून अंगणात किंवा गच्चीवर सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवून काम करावे. यात जड पल्ला उतरवण्याचा त्रास असला, तरी धूर घरात राहत नाही, चौकटीमागे आग शिरण्याचा प्रश्न उरत नाही आणि आडव्या पृष्ठभागावर हात स्थिर राहतो. खाली जाड प्लास्टिक अंथरावे, मात्र ते पल्ल्याच्या कडांपासून पुरेसे खाली असावे. घरातच काम करावे लागले, तर खोलीतील सामान बाहेर काढावे, पडदे उतरवावेत, आतल्या खोल्यांची दारे बंद करून फटींना टेप लावावी, पंखा बंद ठेवून बाहेरची खिडकी उघडी ठेवावी. स्वयंपाकघराचे दार असेल, तर गॅसची टाकी रेग्युलेटर बंद करून बाहेर नेऊन ठेवावी. थिनर, टर्पेंटाइन, स्पिरिट, रंगाचे उघडे डबे आणि पेट्रोल असलेली दुचाकी यांपैकी काहीही कामाच्या जागेजवळ नको.

विजेची बाजू आकड्यांनी पाहिलेली बरी. २३० व्होल्टवर २००० वॅटची हीट गन जवळजवळ ८.७ अँपिअर प्रवाह घेते. साधा ६ अँपिअरचा प्लग तेवढ्यासाठी नाहीच. १६ अँपिअरचा पॉवर प्लग लागतो. टीव्हीला वापरतो तो बारीक वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड लावला, तर वायर आतून तापते आणि आग रंगाऐवजी भिंतीपाशी लागते. एक्स्टेन्शन घ्यावेच लागले, तर ते किमान १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन तारांचे असावे आणि त्याचे वेटोळे पूर्ण उलगडून ठेवावे, कारण गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही. जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीवरचे वायरिंग अजून टिकून आहे आणि अनेक ठिकाणी अर्थिंग नाही. अशा घरात आधी वायरमनकडून एक सुरक्षित पॉइंट काढून घ्यावा आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. इन्व्हर्टरवर हीट गन चालवू नये.

चौकटीमागची पोकळी

आता त्या दुसऱ्या न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळू. जुन्या बांधकामात चौकट आणि भिंत यांच्यामध्ये फट असते. त्या फटीत वर्षानुवर्षांची धूळ, वाळवीने पोखरलेल्या लाकडाचा भुसा, कोळिष्टके, चिमण्यांच्या किंवा उंदरांच्या घरट्यांतली काडी-कापूस साठलेला असतो. हीट गनचा झोत त्या फटीत शिरला, की हा भुसा पेटत नाही, धुमसतो. बाहेर काहीच दिसत नाही. काम संपवून माणसे जेवायला जातात आणि पाऊण-एक तासाने धूर दिसतो. तोपर्यंत आग छताच्या तुळयांपर्यंत पोहोचलेली असू शकते. इंग्लंडमधील अपार्क हा ऐतिहासिक प्रासाद १९८९ मध्ये छतावरील शिशाच्या पत्र्यांची उष्णतेने दुरुस्ती चालू असताना लागलेल्या आगीत मोठ्या प्रमाणात जळाला. तेथे हीट गन नव्हती, पण जुन्या लाकडी इमारतीत उष्णतेचे साधन चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असाच तो प्रसंग आहे.

म्हणून चौकटीवर काम करण्यापूर्वी तिच्या कडेने बारीक तार किंवा पातळ पत्ती फिरवून फटी कोठे आहेत ते पाहावे आणि त्या ओल्या मातीने, पीओपीने किंवा सिमेंटच्या गाऱ्याने बुजवून वाळू द्याव्यात. ज्या लाकडात टाचणी सहज आत जाते, ते वाळवीने पोकळ झालेले असते. तेथे हीट गन मुळीच चालवू नये, ते आधी सुताराकडून बदलून घ्यावे. दाराच्या वर लाकडी जाळी, माळा किंवा कौलारू छताचे लाकूड असेल, तर चौकटीचा वरचा हातभर भाग हाताने, रिमूव्हर (रंग मऊ करून सोडवणारे रसायन) लावून उतरवावा. रिमूव्हर लावलेल्या जागेवर नंतर हीट गन आणायची नाही, हेही तितकेच पक्के. काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड असते आणि ते तापलेल्या पृष्ठभागाच्या संपर्कात आले, तर फॉस्जीनसारखा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासात गेल्यास फुप्फुसांना घातक ठरणारे तंतू, असू शकतो; त्यांवरचा रंग खरवडू नये.

दिवसाचे काम दुपारी चारच्या आत थांबवावे. शेवटचा झोत दिल्यानंतर किमान एक तास कोणीतरी तेथे थांबावे, चौकटीच्या कडांवरून आणि मागच्या भिंतीवरून हात फिरवून कोठे ऊब शिल्लक आहे का ते पाहावे आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा पाहावे. पाण्याची एक बादली, वाळूची एक बादली आणि एबीसी प्रकारचा लहान अग्निशामक जवळ असावा. आग लागलीच, तर पाणी टाकण्याआधी प्लग काढावा किंवा मेन स्विच बंद करावा. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आहे.

अंगावरची साधने

कापडी रुमाल आणि साधा सर्जिकल मास्क यांचा येथे उपयोग नाही. एन-९५ मास्क धुळीचे कण अडवतो, पण धुरातली वाफ अडवत नाही. शिसे असण्याची शंका असेल, तर अर्ध्या चेहऱ्याचा रबरी मास्क आणि त्याला पी-१०० दर्जाचे, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारे गाळक, शक्यतो सेंद्रिय वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजसह, वापरावे. डोळ्यांना बंद कडांचा चष्मा, हातांना चामड्याचे मोजे, पायांत बंद बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे असावेत. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे तापले की कातडीला चिकटतात. साडीचा पदर, ओढणी आणि मोकळे केस यांना या कामात जागा नाही.

प्रत्यक्ष काम

पल्ल्यावरून कडी, कोयंडा, बिजागऱ्या, मूठ, पितळी फुल्या आणि कुलूप काढून घ्यावे. पितळ तापून हाताला भाजते आणि त्याच्या भोवतालचे लाकूड जळते. खरवडण्यासाठी दोन-तीन प्रकारच्या पत्त्या लागतात: सपाट भागासाठी साधारण दोन ते अडीच इंच रुंद, कोपऱ्यांसाठी अरुंद, आणि नक्षीच्या खोबणींसाठी टोकदार आकड्यासारखी. पत्तीच्या कडा नव्या असतील, तर कोपरे कानशीने किंचित गोल करून घ्यावेत, म्हणजे मऊ झालेल्या लाकडावर ओरखडे उठत नाहीत. शेजारी पाणी भरलेला पत्र्याचा डबा ठेवावा. खरवडलेले गरम पापुद्रे त्यातच टाकायचे, प्लास्टिकवर किंवा कागदावर नाही.

यंत्र सुरू करताना तापमान २५० ते ३०० अंशांच्या आसपास ठेवावे आणि कोपऱ्यातल्या एका लहानशा जागेवर आजमावून पाहावे. रंग सुटत नसेल, तर थोडे-थोडे वाढवावे. बहुतेक जुने ऑईलपेंट ३५० ते ४०० अंशांच्या हवेने सुटते. तोंड पृष्ठभागापासून दीड ते दोन इंचांवर, किंचित तिरके धरावे. अगदी सरळ धरले, तर गरम हवा उलटून यंत्राच्याच तोंडात जाते आणि तापणारी तार खराब होते. हात सतत, सावकाश, वीतभर लांबीच्या पट्ट्यात पुढे-मागे फिरत राहिला पाहिजे.

रंगाची भाषा ओळखता आली, की अर्धे काम जमले. प्रथम पृष्ठभागाची चमक जाते, मग बारीक सुरकुत्या पडतात, मग फोड उठतात. फोड उठले, की पत्ती घालण्याचा क्षण आला. या वेळी रंग मऊ पण एकजीव असतो आणि लांब पट्टीने निघतो. सुरकुत्या पडण्याच्या आधीच खरवडले, तर पत्ती घसरते. फोड उठूनही झोत तेथेच ठेवला, तर रंग तपकिरी होऊन धूर सोडतो आणि लाकडाला चिकटून बसतो. धूर दिसणे म्हणजे उशीर झालेला आहे. लगेच यंत्र बाजूला न्यावे, तापमान एक टप्पा खाली करावे आणि त्या जागेवर थंड झाल्यावरच परत यावे. लाकूड काळे पडलेच, तर तो डाग घासून काढावा लागतो आणि नक्षीवर तो घासून निघतही नाही.

एका हातात यंत्र आणि दुसऱ्या हातात पत्ती, अशा रीतीने पुढे झोत आणि त्यामागोमाग पत्ती हलवत जावे. ज्या हाताची पकड चांगली, त्या हातात पत्ती असावी, कारण चूक घडली तर ती पत्तीने घडते. पत्ती नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावी. रेषांच्या आडवी चालवली, तर सागवानासारख्या लाकडावरही खरचटे उठतात आणि ते पॉलिशखाली अधिकच ठळक दिसतात. थर फार असतील, तर सगळे एकदम काढण्याचा हट्ट धरू नये. वरचे दोन-तीन थर एकदा आणि तळचे दुसऱ्या फेरीत काढावेत. तळचा थर लाकडाच्या छिद्रांत मुरलेला असतो आणि तो उष्णतेने पूर्ण निघत नाही. तेथे थांबावे. उरलेले काम रिमूव्हरने किंवा ओल्या पॉलिश पेपरने, यंत्र थंड करून बाजूला ठेवल्यावर, दुसऱ्या दिवशी करावे. सँडिंगच्या मशीनने कोरडे घासणे मात्र टाळावे. इतक्या काळजीने धूर टाळला आणि शेवटी शिशाची पूड घरभर उडवली, असे होऊ नये.

काचेच्या खिडक्यांना वेगळी दक्षता लागते. काच एका बाजूने झटकन तापली, की तडकते. काचेपाशी झोत वळवणारे खास नोझल मिळते. ते बसवावे आणि काचेवर जाड पुठ्ठ्याला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून ती ढाल हाताने धरावी. जुन्या वाड्यांतली रंगीत तावदाने फुटली, तर तशी परत मिळत नाहीत. ती काढता येत असतील, तर आधी काढूनच ठेवावीत.

यंत्र थांबवताना थेट बंद करू नये. सर्वांत कमी तापमानावर किंवा केवळ थंड हवेवर दोन-तीन मिनिटे चालू ठेवून मग बंद करावे आणि तोंड वर करून त्याच्या स्टँडवर उभे ठेवावे. तोंड पुढे अर्धा तास तरी भाजण्याइतके गरम राहू शकते. आडवे ठेवलेले गरम यंत्र सतरंजीवर किंवा वायरीवर पडणे, हे घरगुती अपघातांचे अगदी साधे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. चालू यंत्र कोणाच्या हातात देऊ नये आणि ते तसेच ठेवून फोन घ्यायलाही जाऊ नये.

सफाई आणि लाकडाची पुढची काळजी

झाडूने झाडू नये, धूळ उडते. आधी पाण्याचा फवारा मारून धूळ बसवावी, मोठे तुकडे हातमोजे घालून उचलावेत, खालचे प्लास्टिक आतल्या बाजूने गुंडाळावे आणि मग जमीन साबणाच्या पाण्याने पुसून स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावी. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर बारीक पूड मागच्या बाजूने परत हवेत सोडतो; अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा गाळक असेल, तरच तो वापरावा. रंगाचे तुकडे जाळू नयेत, बागेत पुरू नयेत. ते दुहेरी पिशवीत बांधून, वर लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळे द्यावेत. कामाचे कपडे इतर कपड्यांत न मिसळता धुवावेत.

सागवान स्वतःच तेलकट असते, त्यामुळे पॉलिश किंवा पीयू लावण्यापूर्वी लाकूड पूर्ण थंड झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसून घेतल्यास नवा थर चांगला धरतो. अनेकांना मात्र जुन्या पद्धतीने जवसाचे तेल लावलेले दार आवडते आणि विदर्भात जवस परके नाही. त्या तेलाचे फडके मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. बोळा केलेल्या फडक्यात ती कोंडून राहते आणि फडके कोणत्याही ठिणगीशिवाय आपोआप पेट घेऊ शकते. ही फडकी दोरीवर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत.

घरातली इतर कामे

हीट गन घरात आली, की तिचे आणखी उपयोग सुचतात आणि त्यांतले बरेचसे चांगले आहेत. स्टीलच्या नव्या भांड्यावरचे कंपनीचे लेबल किंवा कपाटावरचे जुने स्टिकर ५० ते १०० अंशांच्या हवेने काही सेकंदांत सुटते. दुचाकीवरचे स्टिकर मात्र पेट्रोलच्या टाकीवर असेल, तर ते केस वाळवण्याच्या यंत्रानेही काढू नये. कोमट पाण्याचे फडके ठेवून सोडवावे. गंजलेला नट तापवला, की प्रसरण पावून सैल होतो, पण त्यावर आधी गंज सोडवणारे तेल फवारलेले असेल, तर ते पेट घेऊ शकते.

वायरीच्या जोडावर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी, बसवण्यासाठी हे साधन उत्तम आहे. स्लीव्ह जोडापेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा इंच लांब घ्यावी, मधोमध झोत देऊन मग टोकांकडे जावे, म्हणजे आत हवा अडकत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरच्या पंपाची वायर दरवर्षी कोठेतरी तुटते आणि ती टेप गुंडाळून पुन्हा लावली जाते. हा जोड पाण्याच्या बाहेर, टाकीच्या वरच राहील असा घ्यावा आणि त्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह बसवावी. जोड पाण्यात बुडत असेल, तर स्लीव्हवर विसंबू नये, पूर्ण वायर बदलावी. कूलरच्या टाकीला आतून लावलेले डांबर काढण्यासाठी हीट गन वापरू नये. डांबर पेट घेते आणि त्याचा धूर घातक असतो.

पीव्हीसी पाइप हलका तापवून वाकवता येतो, पण तो फार तापला, तर हायड्रोजन क्लोराईडचा झोंबणारा वायू सोडतो. पाण्याच्या लाइनचा पाइप असा वाकवूच नये, एल्बो वापरावा. वायरिंगचा पाइप आत स्प्रिंग घालून, ८० ते १०० अंशांच्या आसपास, मोकळ्या हवेत वाकवावा. नॉनस्टिक भांड्यावर जळलेले काढण्यासाठी तर झोत कधीच देऊ नये: त्यावरचा लेप २६० अंशांच्या वर विघटित होऊ लागतो आणि त्यातून निघणाऱ्या वायूने पिंजऱ्यातले पक्षी दगावतात. रंग उतरवण्याच्या दिवशीही घरातला पोपट शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवावा. फुगलेल्या मोबाइलच्या बॅटरीजवळ उष्णता नेऊ नये.

कोणाला भाजलेच, तर अंगठी-बांगड्या लगेच काढाव्यात आणि भाजलेला भाग साध्या नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, तूप किंवा बर्फ लावू नये. चिकटलेला कपडा ओढून काढू नये. फोड तळहातापेक्षा मोठे असतील, चेहरा, हात किंवा सांधे भाजले असतील, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विजेचा झटका बसलेल्या माणसाला मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नये. रंग उतरवण्याच्या कामानंतर दिवसभर डोके दुखत राहिले, मळमळले किंवा पोटात कळा आल्या, तर डॉक्टरांना जुन्या रंगाचे काम केल्याचे आवर्जून सांगावे. रक्तातील शिशाची तपासणी करता येते, पण हा तपशील सांगितला नाही, तर ती करण्याचे बहुधा सुचत नाही.

काम आटोपल्यावर यंत्र पूर्ण थंड करून, हवा आत घेणाऱ्या जाळीतली धूळ कोरड्या ब्रशने काढून, वायर न मुडपता मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवावे. पुढच्या वेळी काढताना वायरीवर चीर, प्लगच्या पिनांवर काळेपणा किंवा पंख्याचा बदललेला आवाज आढळला, तर ते दुरुस्त करून घेतल्याशिवाय चालू करू नये.